बेडकीची मांडवपरतणी

आरोही पोतनीसला गाडी विकायची नव्हती. तिला गॅरेज हवं होतं. गाडी गॅरेजमध्ये उभी होती, म्हणून ती विकणं भाग होतं. हा एवढा साधा युक्तिवाद घरच्यांच्या गळी उतरवायला तिला एम.एससी.च्या प्रबंधापेक्षा जास्त वेळ लागला, आणि प्रबंधाच्या वेळी निदान परीक्षक तरी शांत बसून ऐकत होते.

गॅरेज म्हणजे धारला मुंज तलावाच्या बाजूच्या त्यांच्या घराची रस्त्याकडची लांबट खोली. फरशी सपाट, नळ आतच, उजेड उत्तरेचा. माती तपासायच्या प्रयोगशाळेला याहून चांगली जागा गंधवानीपासून मनावरपर्यंत शोधून सापडली नसती. शेतकऱ्यानं पिशवीत माती आणायची, आरोहीनं तिच्यात काय कमी आहे ते सांगायचं, असा तिचा बेत होता. माती-परीक्षण केंद्रासाठी कृषी खात्याकडे केलेला अर्ज मंजूर झाला होता. आता एक साहेब जागा बघायला येणार होते, आणि अट अशी होती की जागा पूर्ण रिकामी आणि फक्त प्रयोगशाळेच्या वापराची असावी. नसली, तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज.

जागा रिकामी नव्हती. जागेत बेडकी होती.

बेडकी म्हणजे दोन माणसांची, उघडी, गर्द हिरवी विलायती स्पोर्ट्‌स कार. बॉनेटवर दोन गोल दिवे असे वर आलेले, की समोरून बघणाऱ्याला वाटावं ही आता डराव म्हणणार. इंग्लंडात कुणीतरी तिला वेगानं जाण्यासाठी बनवलं होतं. धारमध्ये तिला ती संधी कधी मिळाली नाही. ती पोतनीसांकडे कशी आली याच्या घरात तीन कथा आहेत आणि तिन्हींत पोतनीसच हुशार ठरतात, तेव्हा तो विषय सोडलेला बरा. आरोहीचे वडील नीलकंठराव वीज मंडळातून निवृत्त झाले, त्यांनी गाडीत अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना बाहेर काढलं आणि दुरुस्तीला हात घातला.

दुरुस्ती म्हणणं बरोबर नाही. ते संगोपन होतं. सीटचं चामडं इंदूरहून आलं, डॅशबोर्डचं सागवान एका मोडक्या कपाटातून निघालं आणि बारीकसारीक भाग थेट इंग्लंडहून टपालानं आले. टपाल आलं की बाबा ते आधी देवापुढे ठेवत. गाडीला दोन कार्ब्युरेटर होते आणि दोघांनी एकाच सुरात श्वास घ्यायला हवा, म्हणून बाबा रबरी नळीचं एक टोक इंजिनाशी आणि दुसरं कानाशी धरून डोळे मिटून बसत. शेजारचे मनन भिया (माळव्यात भैयाचा भिया होतो), जे मोहनखेड्याच्या जैन तीर्थाच्या कामात असत आणि उरलेल्या वेळात पोतनीसांच्या कामात, त्यांना पुष्कळ दिवस वाटत होतं की पोतनीस साहेब गाडीची तब्येत विचारतायत. ते फारसं चुकीचं नव्हतं.

गाडी पूर्ण झाली, सुरू झाली, मुंज तलावाला एक फेरी मारून आली. त्या दिवशी आरोहीची आई, कमलताई, म्हणाली, "झाली ना एकदाची? आता विका."

बाबा काहीच बोलले नाहीत, आणि गप्प बसणं म्हणजे संमती, असं धरून आरोहीनं जाहिरात टाकली.

पहिला फोन इंदूरच्या एका कॅफेवाल्याचा. त्याला गाडीचा फक्त पुढचा अर्धा भाग हवा होता. तो भिंतीत बसवून त्यावर कॉफी ठेवायची होती. "पीछे का आप रख लो," तो उदारपणे म्हणाला. दुसरा फोन एका बँडवाल्याचा. त्याला गाडीवर चारी बाजूंनी दिव्यांच्या माळा आणि मध्ये छत्री लावायची होती. तिसऱ्यानं विचारलं, "ॲव्हरेज कितना देती है?" आरोहीनं दशांशात उत्तर दिलं, तर त्यानं फोन ठेवला. माळव्यात उघडी गाडी म्हटलं की लोकांना एकच सुचतं: हिच्यात कुणालातरी बसवून गावातून फिरवायचं. नवरदेव, निवडून आलेला नगरसेवक, बारावीत पहिला आलेला मुलगा. मनन भिया तर कुंपणावरूनच म्हणाले, "भिया, बेचो मत. अपने यहाँ दीक्षा का वरघोडा निकलता है ना, दीक्षार्थी को इसमें बिठाएँगे. पूरे मालवे में नाम होगा!"

"जो संसार सोडतोय त्याला स्पोर्ट्‌स कारमध्ये बसवायचं?" आरोहीनं विचारलं.

"आखरी बार तो बैठ ले बिचारा," मनन भिया म्हणाले.

बाबांनी सगळ्यांना नकार दिला. कॅफेवाल्याचा फोन आल्यापासून तर ते गाडीच्या पुढच्या भागाला पांघरूण घालून ठेवत.

साहेबांच्या भेटीची तारीख कळली तेव्हा मात्र आरोहीचा धीर सुटला, आणि तिनं ती चूक केली. रसायनशास्त्राच्या पदवीधरानं करू नये अशी चूक. ती म्हणाली, "बाबा, मुलगी कितीही लाडकी असली तरी घरात ठेवून घेतो का आपण? चांगलं स्थळ बघून देतोच ना? तसं समजा."

बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "स्थळ चांगलं असेल तर..." ते म्हणाले.

आरोहीची समजूत अशी होती की उपमा ही उत्प्रेरकासारखी असते. क्रिया घडवून आणते, आणि काम झालं की जशीच्या तशी बाजूला काढता येते. ही उपमा बाजूला निघाली नाही. ती मिश्रणात विरघळली.

"पत्रिका आहे का?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणाची?"

"मुलीची."

आई ही पोतनीसांकडची रीतीभातींची अंतिम अधिकारी. कुठल्या सणाला कुणाला काय द्यायचं, याबाबत दुसऱ्या घरांतूनही तिला फोन येत. चेष्टा कुठे संपते आणि पद्धत कुठे सुरू होते, हे तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. बहुधा तिलाही कळत नसावं. बाबांनी मात्र त्याच दिवशी इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाला ईमेल करून बेडकी कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख मागवली. तारीख आली. मनन भियांनी ती मोबाईलवर कुठेतरी घालून बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "मांगलिक है. पहले पीपल से फेरे करवा लो."

स्थळ आलं ते देवासहून. जगदेवराव मोहिते, जुन्या दरबारी घराण्यातले, पन्नाशीचे, मिशी भरघोस आणि आवाज तिच्या मानानं फारच मऊ. आरोहीनं फोनवर चौकशी केली आणि घरात येऊन सांगितलं, "घरचा पेट्रोल पंप आहे."

"म्हणजे खाऊन-पिऊन सुखी," आई म्हणाली.

बघायला जगदेवराव एकटे येतील अशी आरोहीची अपेक्षा होती. ते आले त्यांच्या आईसाहेबांना घेऊन. जमुनाबाई ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात चांदीच्या मुठीची काठी. एरवी अशा प्रसंगी पोहे करतात. पण माळव्यात पोहे कुणी बघायला आलं नाही तरी रोज सकाळी होतातच, म्हणून प्रसंगाचं वेगळेपण दिसावं यासाठी आईनं साबुदाण्याची खिचडी केली होती.

जमुनाबाई खिचडीला हात न लावता गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. "चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

बाबांनी बेडकी बाहेर काढली. रात्रभर झोपलेल्या इंजिनानं एक मोठा फटाका वाजवला. तलावावरचे बगळे उडाले.

"ठसका आहे," जमुनाबाई म्हणाल्या. त्या नापसंतीनं म्हणाल्या की कौतुकानं, हे ठरवता येईना. त्यांनी काठीनं चाकाला हलकेच टोचलं, दिव्यात स्वतःचं तोंड बघितलं, सीटवर हात फिरवला. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथेच थांबली. "डोक्यावर काही नाही का हिच्या?"

"आजी, ती कन्व्हर्टिबल आहे," आरोही म्हणाली. "उघडीच असते."

"उघडीच असते म्हणजे? आमच्याकडे लेकी हिंडतात उघड्या डोक्यानं. सुना नाही."

जगदेवराव हळूच आरोहीच्या बाजूला सरकले. "छप्पर होतं ना मूळचं?" ते कुजबुजले.

"कोंबड्यांनी खाल्लं."

"मग शिवून घ्या ना, प्लीज. आईसाहेबांनी एकदा नाही म्हटलं की मग..." ते बेडकीकडे असे बघत होते, की साखरपुड्यात मोबाईलमध्ये तोंड घालून बसणारी आजकालची मुलं त्यांच्यापुढे काहीच नव्हेत. आरोहीला त्यांची दया आली आणि आशाही वाटली.

पैशांचं काय, असं वाचकाच्या मनात येईल. तेच आरोहीच्याही मनात होतं. पण मुलीच्या लग्नात मुलीच्या बापानं पैसे घ्यायचे म्हणजे काय, या विचारानं बाबांना घाम फुटला. उलट द्यायचं-घ्यायचं काय, असं तेच विचारायच्या बेतात होते. तेव्हा तो व्यवहार आरोही आणि जगदेवराव यांनी व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत उरकला आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, आपल्याला यातलं काही माहीत नाही, अशा चेहऱ्यानं खिचडी खात राहिली.

आता दोन कामं उरली: कागद आणि छप्पर.

कागदांसाठी परिवहन कार्यालयात गेल्यावर खिडकीमागच्या माणसानं चेसिस नंबरची पेन्सिलनं काढलेली छाप मागितली. चेसिस नंबर होता. पण बाबांनी त्यावर प्रेमापोटी रंगाचे इतके हात दिले होते की तो आता फक्त त्यांच्या आठवणीत उरला होता. "याद से नहीं चलेगा, भिया," तो माणूस म्हणाला. आरोहीनं कापसावर द्रावण घेऊन थर एकेक करून उतरवायला घेतले. बाबा पाठ करून उभे राहिले. आई डोकावून म्हणाली, "पाठवणीच्या तोंडावर पोरीचं नेलपॉलिश काढतेस?" छाप निघाली. ती घेऊन गेल्यावर खिडकीमागच्या माणसाला गाडीचा फोटो हवा होता. फोटो दिल्यावर त्यानं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बेच रहे हो? मेरे साले की शादी है, एक दिन के लिए..."

छपराचं काम याहून अवघड निघालं. सीट-कव्हरवाला म्हणाला नमुना आणा. नमुना कोंबड्यांच्या पोटात. इंग्लंडहून मागवायचं तर पुढचा हंगाम उजाडला असता. शेवटी मनन भियांनी आपल्या ओळखीतला अर्पित टेंट हाऊसवाला आणला. त्यानं टेपनं गाडी मोजली, कानाला पेन्सिल लावली आणि छाती फुगवून म्हणाला, "पूरे धार के मंडप अपन बाँधते हैं, दीदी. एक गाड़ी की टोपी नहीं बनेगी?"

आरोहीनं त्याला गर्द हिरवं, जाड, पाणी न झिरपणारं कापड सांगितलं होतं. चौकटीचे कोनही काढून दिले होते. त्यानं आणलं ते लाल-पिवळं, झालर लावलेलं, आणि मागच्या बाजूला जरीनं 'शुभ विवाह' लिहिलेलं. "हरा कपड़ा खतम था," तो म्हणाला. "और ये ज़्यादा शोभा देगा. शादी ही है ना?" मनन भियांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

आई म्हणाली, "छान आहे की." बाबा तर झालर हातानं सरळ करू लागले. पाठवणी रविवारी, साहेब गुरुवारी. मध्ये खोली धुवून, चुना लावून वाळायला पुरेसे दिवस होते. आरोहीनं त्याचे पैसे देऊन टाकले.

रविवारी सकाळी आईनं बेडकीची ओटी भरली. बॉनेटवर खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. दोन्ही दिव्यांच्या मध्ये कुंकू. आळीतल्या बायका 'सहज' आल्या होत्या आणि सगळ्यांनी सहज चांगल्या साड्या नेसल्या होत्या. एकीनं डोळ्याला पदर लावला, मग दुसरीनं लावला, आणि आपण गाडीसाठी रडतोय हे लक्षात आल्यावरही कुणी थांबेना. बाबांना स्टिअरिंग दिसत नव्हतं. तेव्हा आईनं जाहीर केलं की नवरीबरोबर पाठराखीण जातेच, आरोहीनं चालवावी. बाबा शेजारी बसले. आई आणि मानपानाच्या परड्या मनन भियांच्या व्हॅनमध्ये, मागून.

घाटाबिल्लोदपर्यंत बेडकी घरंदाज पोरीसारखी चालली. बेटमा मागे पडलं, रस्ता रुंद झाला, आणि आरोहीच्या पायाला पहिल्यांदाच कळलं की ही गाडी कशासाठी बनवली होती. इंजिन गाऊ लागलं. दोन्ही कार्ब्युरेटर एका सुरात. बाबांनी डोळे पुसले आणि नकळत हसले. आरोहीनं आणखी थोडं दाबलं.

गाडी वेगात असली की छपरावरून हवा जोरात जाते आणि तिथला दाब कमी होतो. आतला दाब तेवढाच राहतो. परिणामी छप्पर वर उचललं जातं. विमानाचा पंखही याच नियमाला बांधलेला असतो. आरोहीला हे बी.एससी.पासून पाठ होतं, आणि पाठ असण्याचा त्या क्षणी काडीचाही उपयोग झाला नाही. झालर आधी फडफडली, मग छप्पर पुरीसारखं टम्म फुगलं, मग एक लांबलचक 'टर्र' असा आवाज आला, आणि अर्पित टेंट हाऊसची कलाकृती आकाशात गेली.

ती उतरली मनन भियांच्या व्हॅनच्या काचेवर. त्यांना समोर 'शुभ विवाह' दिसलं आणि दुसरं काही दिसलं नाही. व्हॅन नागमोडी जात जात एका ढाब्याच्या अंगणात शिरली आणि एका रिकाम्या खाटेला ढकलून थांबली. कुणाला काही लागलं नाही. ढाब्याचा मालक धावत आला, त्यानं काचेवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, "बारात कितने लोगों की है?"

छप्पर उचलून बघितलं तर मधोमध उभं फाटलेलं. आता बेडकीचं डोकं पुन्हा उघडं होतं आणि देवासला जमुनाबाई उंबऱ्यात वाट बघत होत्या.

"परत जाऊ या," बाबा लगेच म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा जास्तच तत्परता होती.

"नाही," आरोही म्हणाली. "गुरुवारी साहेब येतायत."

"पण उघड्या डोक्यानं..."

"चला तर आधी," आई म्हणाली. "टेकडी दिसायला लागली की बघू काय करायचं ते."

देवासची टेकडी दिसायला लागल्यावर आईनं गाड्या थांबवल्या, मानपानाची परडी उघडली, आणि खुद्द जमुनाबाईंना द्यायची म्हणून घेतलेली महेश्वरी साडी घडी मोडून बाहेर काढली. मोतिया रंग, काठ हिरवा. तिनं ती काचेपासून सीटच्या पाठीपर्यंत पसरली, दोन्ही बाजूंनी दारांत दाबली, पुढे कपाळावर येईल इतका पदर सोडला आणि लांब होऊन बघितलं. "अशीच ने," ती म्हणाली. "हळू."

आत मोतिया उजेड होता आणि समोर रस्ता गाळून आल्यासारखा दिसत होता. देवासमधून आरोहीनं बेडकी चालवली ती अशी, पदराआडून, शेजारी बसलेल्या बाबांच्या "डावीकडे, डावीकडे, अगं म्हैस" अशा सूचनांवर.

मोहित्यांच्या फाटकाशी फोनवर सनई लावलेली होती. जमुनाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि वाटेत, बरोबर मधोमध, तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं होतं.

"उजवं पाऊल आधी," जगदेवराव ओरडले.

उजवं पाऊल म्हणजे उजवं पुढचं चाक, इथपर्यंत आरोहीला पटलं. मापाला फक्त धक्का लागून ते कलंडलं पाहिजे, म्हणजे चाक हाताच्या बोटाएवढंच पुढे जायला हवं. तिनं अंदाज घेतला, क्लच अलगद सोडला. बेडकीनं एक ठसका दिला, उडी मारली आणि माप चपटं केलं. चपटं म्हणजे थाळीसारखं. तांदूळ थेट सनईच्या फोनपर्यंत गेले.

बाबांनी डोळे मिटून घेतले. आरोहीला गुरुवार दिसला, आणि त्या गुरुवारी गॅरेजमध्ये उभी असलेली बेडकीही.

जमुनाबाईंनी चपट्या मापाकडे बघितलं, पदराआडच्या दोन गोल दिव्यांकडे बघितलं, काठाच्या हिरव्या रंगाकडे बघितलं.

"सांडलं ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर. जोरात आलीय. नांदेल."

नंतर तबकात तांदूळ पसरून त्यांनी बोटानं सुनेचं नवं नाव लिहिलं: पन्नाबाई, अंगाच्या पाचूसारख्या रंगावरून. "बेडकी हे काय नाव झालं?" त्यांनी बाबांना विचारलं. साडी बेडकीवरच राहिली. ती आता तिचीच, असं जमुनाबाईंनी ठरवलं. पाठराखीण म्हणून आरोहीला पाटावर बसवून बेसनाचे लाडू भरवण्यात आले आणि ते नाही म्हणायची सोय नव्हती. तोंडात दुसरा अख्खा लाडू असतानाच तिला शेजारच्या खोलीतून जगदेवरावांचा मऊ आवाज ऐकू आला: "मग मांडवपरतणीला कधी आणू हिला? माहेरी एकदा यायला हवं ना लग्नानंतर."

"गुरुवार बरा वार आहे," बाबा म्हणाले.

आरोहीनं जोरात काहीतरी म्हटलं. त्याचं बेसन झालं.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये तिनं बाबांना सोमवार, शुक्रवार, पुढला महिना असे अनेक पर्याय सुचवले. "आता शब्द दिला," बाबा म्हणाले. "आणि ती येणार, चहा घेणार, जाणार. तुझे साहेब सकाळी येतायत. ती मंडळी दुपारी येतील." आई मान हलवत म्हणाली, "मुलीला ये म्हणून परत नको म्हणायचं नसतं गं."

गुरुवारी गॅरेज असं दिसत होतं की आरोहीलाच आत चप्पल घालून जाववेना. भिंती पांढऱ्या, टेबलावर तराजू, स्टँडला ब्युरेट, कपाटात बाटल्या उंचीप्रमाणे. कृषी खात्याचे धीरज साहेब सकाळी येणार होते ते, अशा भेटींच्या प्रथेप्रमाणे, दुपारी आले. पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर. त्यांनी नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, फरशीवर बूट घासून बघितला.

"बढ़िया," ते म्हणाले. "जगह तो एकदम खाली है."

ते पेन काढून लिहायला वाकले, आणि बाहेर भोंगा वाजला.

पुढचं सगळं सवयीनं घडलं, त्यात कुणाचाच दोष नव्हता. भोंगा ऐकून बाबांनी गॅरेजचे दोन्ही दरवाजे सताड उघडले. दाराकडचा उतार बघून जगदेवरावांनी गाडी आत घेतली. बेडकी, हार घातलेली, नव्या शिवलेल्या हिरव्या छपराचा पदर घेतलेली, जमुनाबाईंना शेजारी बसवून, आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. साहेब आता एका बाजूला ब्युरेट आणि दुसऱ्या बाजूला बंपर, अशा परिस्थितीत होते.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

आरोहीनं खरं सांगायचं ठरवलं. "सर, ये गाड़ी बिक चुकी है. देवास की है अब. ये आज यहाँ सिर्फ..." आणि तिला शब्द सापडेना. अशा घटनेला रसायनशास्त्रात नाव नाही. एक वर्ष. तिच्या डोळ्यांसमोरून पुढचा एक वर्षाचा रिकामा रस्ता गेला.

"बेटी मायके आई है, साहब," दारातून आई म्हणाली. तिच्या हातात औक्षणाचं ताट होतं. "शादी के बाद पहली बार. आपके यहाँ पगफेरा कहते हैं ना, वही."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बेडकीकडे बघितलं. बॉनेटवरच्या कुंकवाकडे बघितलं. चिंधीनं दिवा पुसत असलेल्या बाबांकडे जास्त वेळ बघितलं.

"कितने दिन रुकेगी?"

"बस, शाम को बिदा, सर!" आरोही घाईनं म्हणाली. "पक्का. शाम को जगह खाली."

"शाम को?" साहेबांचा आवाज चढला. "पहली बार आई है और शाम को भेज दोगे? कैसे लोग हो? मेरी वाली पिछले महीने आई थी, पूरे हफ़्ते रुकी. तब भी उसकी अम्मा," म्हणजे त्यांची पत्नी, "रो-रो के..." ते थांबले, चष्मा काढून पुसला. "दो दिन तो रखो."

"वही तो मैं कहती हूँ," जमुनाबाई गाडीतून म्हणाल्या.

"लेकिन सर, नियम..."

"नियम में सामान नहीं चलता. गाड़ियाँ, बोरियाँ, कबाड़. मेहमान कब से सामान हो गया?" त्यांनी टेबलावर जागा नव्हती म्हणून बेडकीच्या बॉनेटवर कागद ठेवला, कुंकू चुकवून सही केली, आईनं पुढे केलेला पेढा घेतला आणि जाताना विचारलं, "वैसे, एक चक्कर मिलेगा क्या?"

तलावाभोवतीच्या त्या फेरीत भोंगा साहेबांनीच वाजवला.

प्रयोगशाळा सुरू झाली. मनावरच्या कापसाची माती आली, गंधवानीच्या मक्याची आली, ढाब्यामागच्या शेतातलीही आली. मधूनमधून बेडकी यायची. दिवाळसणाला आली, बरोबर जमुनाबाईंचा फराळ. संक्रांतीला आली तेव्हा बाबांनी दिव्यांना हलव्याचे दागिने घातले. त्या दिवसांत मातीच्या पिशव्या ओसरीवर जायच्या आणि शेतकरी विचारायचे, "दीदी, गाड़ी की मिट्टी भी जाँचते हो क्या?" आरोहीनं हे सगळं नियमित येणाऱ्या आणि नियमित जाणाऱ्या घटनांमध्ये धरलं होतं. तिचं काम थांबत नव्हतं.

पेरणीच्या आधी, पिशव्या दारापर्यंत रचलेल्या असताना, जगदेवरावांचा फोन आला. ते नेहमीपेक्षाही मऊ बोलत होते.

"आरोहीबेटा, पन्नाबाईचं जरा... म्हणजे काळजीचं नाही. सकाळी सुरू व्हायला त्रास देते. तेल टाकते. मेकॅनिक म्हणाला इंजिन सगळं खोलावं लागेल, दोन-तीन महिन्यांचं काम आहे. आईसाहेब म्हणतात, एवढं मोठं काम पहिल्यांदाच निघालंय तिचं, तर..."

"तर?" आरोहीनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"तर ते माहेरीच करायची पद्धत आहे ना."

गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला बाबांनी आधीच रबरी नळी शोधून काढली होती आणि ती कानाला लावून हसत उभे होते. आई कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनी दुपटी काढत होती, इंजिनाचे भाग ठेवायला. कुंपणापलीकडून मनन भिया विचारत होते, "क्या हुआ? खुशखबर है क्या?"

आरोहीनं ब्युरेटची तोटी बंद केली. दारापर्यंत रचलेल्या पिशव्या मोजल्या, पेरणीला किती अवकाश आहे त्याचा हिशोब केला, आणि आवाज अगदी आईसारखा करून म्हणाली, "पाठवा, काका. पण आधी डोहाळजेवण तुमच्याकडे व्हायला हवं, आणि ते घाईत उरकायचं नसतं. पेरणी झाल्याशिवाय तर मुळीच नाही."

पलीकडून जमुनाबाईंचा आवाज आला, "मुलगी शिकलेली दिसते."